मराठीत ‘या आठवड्यात आलेली टीनएज कादंबरी’ का सापडत नाही? नगरच्या वाचनालयापासून फास्टर फेणेपर्यंतची गोष्ट

मंगळवार उजाडला की इन्स्टावर एक ठरलेली गर्दी होते. टेबलावर पुस्तकांची चळत, बाजूला कॉफीचा मग आणि वर कॅप्शन: या आठवड्यात आलेल्या नव्या ‘यंग अ‍ॅडल्ट’ कादंबऱ्या. कुठे राजकन्या आणि ड्रॅगन, कुठे शाळेतला खून, कुठे दोन मित्रांच्या मैत्रीचं झालेलं प्रेम. पुस्तकं इंग्रजी, किंमत पाचशेच्या पुढे, आणि रील बघणारी पोरं संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, पाथर्डीतलीसुद्धा.

आता हीच गोष्ट मराठीत शोधून बघा. ‘या आठवड्यात आलेली मराठी कुमार कादंबरी’ असं सर्च केलं, तर समोर काय येतं? शिवाजी महाराजांची चरित्रं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, लहान मुलांच्या इसापनीती आणि फार तर फास्टर फेणे. फेणे भारीच आहे, पण तो या आठवड्यात आलेला नाही. आजच्या दहावीतल्या पोरांच्या आजोबांनी तो वाचलाय.

मग मराठीत १३ ते १८ वर्षांच्या पोरांसाठी कोणी लिहीतच नाही का?

लिहितात. छापतात. त्यांना पुरस्कारही मिळतात. तरी ही पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. का, ते नीट समजून घेऊ.

आधी हे ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणजे काय?

साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेलं पुस्तक म्हणजे यंग अ‍ॅडल्ट, म्हणजेच वायए. नायक किंवा नायिका त्याच वयाची. प्रश्नही त्याच वयाचे. आईबाप समजून घेत नाहीत, शरीर बदलतंय, कोणीतरी आवडतंय, मित्राने दगा दिलाय आणि पुढं काय करायचं हे कळत नाही.

हा प्रकार रुजवण्यात अमेरिकेतल्या वाचनालयांचा मोठा हात आहे. बालविभागात बसायला लाजणारी आणि मोठ्यांच्या विभागात हरवून जाणारी पोरं तिथल्या ग्रंथपालांना रोज दिसायची. १९५७ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने या वयाच्या वाचकांसाठी वेगळा विभागच स्थापन केला.

मग आलं १९६७ साल. ‘द आउटसायडर्स’ नावाची कादंबरी आली. गरीब आणि श्रीमंत पोरांच्या टोळ्यांची ही गोष्ट लिहिणारी एस. ई. हिंटन पुस्तक आलं तेव्हा फक्त १८ वर्षांची होती. मुलीचं नाव दिसलं तर समीक्षक पुस्तक गांभीर्याने घेणार नाहीत, म्हणून मुखपृष्ठावर पूर्ण नाव न देता नुसती आद्याक्षरं छापली. पुस्तक तुफान चाललं आणि प्रकाशकांच्या लक्षात आलं, की या वयाचा स्वतःचा एक बाजार आहे.

आज अमेरिकेत नवी पुस्तकं बहुतेक मंगळवारी येतात. तारीख कित्येक महिने आधी जाहीर होते, आगाऊ मागणी सुरू होते, समीक्षक आणि रीलवाल्यांकडे प्रती आधीच पोहोचतात. २१ जुलै २००७ ला हॅरी पॉटरचा शेवटचा भाग आला, तेव्हा भारतातही पहाटे दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. सिनेमाचा फर्स्ट डे फर्स्ट शो असतो, तसाच.

म्हणजे ‘या आठवड्यातली पुस्तकं’ ही यादी आपोआप तयार होत नाही. तिच्यामागे तारीख ठरवणारा प्रकाशक लागतो, माल वेळेवर पोहोचवणारा वितरक लागतो आणि वाट बघणारा वाचक लागतो.

मग मराठीचा इतिहास कोरा आहे का?

अजिबात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यापुरतं बोलायचं तरी इथली मुळं चांगली खोल आहेत.

नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी ते एक. म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे धावली त्याच्याही १५ वर्षं आधी नगरात वाचनालय होतं. १८४२ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी याच शहरातून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. पुढे त्याच मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ काढलं. नगरला राहिलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच्या संपादनाशी जोडलेले होते.

टिळकांच्या घरी तेव्हा एक किशोरवयीन पोरगा राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्याचं नाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात कविता ऐकवून त्याने सगळ्यांना थक्क केलं आणि तिथेच त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळालं. तेव्हा तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. आजच्या हिशोबाने बारावीतलं पोरगं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये घरातल्या या ठोंबऱ्याबद्दल मायेने लिहिलंय.

आणखी एक गंमत. इंग्रजीतला अफलातून विनोदी लेखक स्पाइक मिलिगन, ज्याच्या वेड्यावाकड्या बालकविता ब्रिटनमधली पोरं आजही वाचतात, त्याचा जन्म १९१८ साली नगरचाच. वडील इथल्या लष्करात होते.

उरलेल्या महाराष्ट्रातही पोरांसाठी दमदार लिखाण होत होतं. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ लिहिला आणि मुलींसाठी ‘चिंगी’. सानेगुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ ची. आणि भा. रा. भागवतांनी बनेश फेणे, म्हणजेच आपला फास्टर फेणे, जन्माला घातला. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, संकटात उडी घेतो आणि ‘ट्टॉक’ करतो.

याच भागवतांनी १९५१ साली ‘बालमित्र’ नावाचं मासिक काढलं होतं. ज्यूल व्हर्नच्या विज्ञान कादंबऱ्याही त्यांनी मराठी पोरांपर्यंत आणल्या. फेण्याची मालिका २० पुस्तकांची झाली. म्हणजे ‘सिरीज’ नावाचा जो प्रकार आज वायएमध्ये चालतो, तो मराठीत तेव्हाच होता. एक पुस्तक संपलं की पोरं पुढच्याची वाट बघायची.

१९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केलं. ते गावागावातल्या शाळेत पोहोचलं. एका खेड्यातल्या पोराला दर महिन्याला नवी गोष्ट मिळायची सोय त्यामुळे झाली.

मग गाडी अडली कुठे?

पहिली अडचण : ‘बालकुमार’ हा शब्द

मराठीत या साहित्याला म्हणतात ‘बालकुमार साहित्य’. संमेलनं याच नावाची, पुरस्कार याच नावाचे, दुकानातलं कपाटही याच नावाचं.

आता हा शब्द बघा. सहा वर्षांचं बाळ आणि सोळा वर्षांचा पोरगा एकाच पाटीखाली. एकाला ससा-कासव हवंय, दुसऱ्याला मिशा फुटल्यात. दुकानात ‘बालसाहित्य’ असं लिहिलेल्या कपाटाजवळ दहावीतली मुलगी जाईल का? मैत्रिणीने बघितलं तर काय, ही भीती त्या वयात भयंकर असते.

या गोंधळाचा उलटा परिणामही झाला. कुमारवयाबद्दलची मराठीतली सगळ्यात गाजलेली पुस्तकं ‘मोठ्यांची’ म्हणून आली. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. विषय शंभर टक्के वायए. पण पुस्तक मोठ्यांच्या साहित्यात मोजलं गेलं. पोरांपर्यंत ते पोहोचलं ते मुख्यतः २०१२ च्या सिनेमातून.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनचंही तेच. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांत बेळगाव भागातलं एक पोरगं हळूहळू मोठं होत जातं. मोठी माणसं ही पुस्तकं जिवापाड जपतात. पण लंपनच्या वयाच्या किती पोरांनी तो वाचलाय? २०२४ मध्ये सोनीलिव्हवर ‘लंपन’ मालिका आली, इफ्फीत तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं.

दुसरी अडचण : हजार प्रतींचं गणित

मराठी पुस्तकाची एक आवृत्ती साधारण हजार प्रतींची, असं गणित अनेक वर्षं चालत आलंय. आता काही प्रकाशक पाचशे किंवा त्याहून कमी प्रतीही काढतात.

समजा, एका कुमार कादंबरीच्या हजार प्रती काढल्या आणि किंमत ठेवली १५० रुपये. सगळ्या विकल्या तर जमा होणार दीड लाख रुपये. त्यातले वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के घेतात असं धरू. गेले ६० हजार. लेखकाला १० टक्के मानधन म्हणजे १५ हजार. राहिले ७५ हजार. यात कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, आतली चित्रं, मुद्रितशोधन, गोदाम आणि टपाल. आणि हे सगळं कधी? तर हजारच्या हजार प्रती खपल्या तर. त्याला दोन-तीन वर्षंही लागू शकतात.

या हिशोबात जाहिरातीला पैसे कुठून काढायचे? रीलवाल्यांना फुकट प्रती कुठून पाठवायच्या? आणि लेखकाने तरी वर्षभर राबून १५ हजारांत पुढचा भाग का लिहावा? मराठीत कुमारांसाठी लिहिणारे बहुतेक जण शिक्षक, पत्रकार, डॉक्टर किंवा सरकारी नोकर असतात, त्यामागचं एक कारण हे आहे.

किंमत वाढवली तर पालक घेत नाहीत. ५०० रुपयांचं गाइड घेताना हात आखडत नाही, पण १५० रुपयांच्या गोष्टीच्या पुस्तकाला ‘अभ्यास कर आधी’ हे उत्तर ठरलेलं.

तिसरी अडचण : मराठी पुस्तकाला वार नसतो, सण असतो

इंग्रजी पुस्तक मंगळवारी येतं. मराठी पुस्तक कधी येतं? तर प्रकाशन समारंभ ठरला की. पाहुण्यांची तारीख मिळाली की, सभागृह मिळालं की, साहित्य संमेलन जवळ आलं की, नाहीतर दिवाळीत.

मराठी वाचनाचं कॅलेंडर दिवाळीभोवती फिरतं. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही सवय. कुमारांसाठीही हाच हंगाम. ‘किशोर’चा दिवाळी अंक असतो, ‘वयम्’चा असतो. ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक तर लाखांच्या संख्येत शाळाशाळांत गेलेला आहे. हजार प्रतींच्या बाजारात लाखांचा आकडा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. किंमत परवडणारी असली आणि अंक थेट शाळेत पोहोचला, तर पोरं वाचतात, याचा हा ढळढळीत पुरावा.

पण दिवाळी संपली की उरलेले अकरा महिने काय?

चौथी अडचण : पुस्तक गावात पोहोचणार कसं?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर पसारा, १४ तालुके, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्या. एका टोकाला सह्याद्रीतलं अकोले, दुसऱ्या टोकाला बीडला टेकलेलं जामखेड.

गोष्टीची पुस्तकं ठेवणारी दुकानं नगर शहर आणि मोठ्या तालुक्यांच्या गावांत. बाकी ठिकाणी ‘बुक स्टॉल’ या पाटीखाली वह्या, गाइडं, पोलीस भरतीची पुस्तकं आणि नोकरीचे फॉर्म मिळतात. त्यात चूक काही नाही, गिऱ्हाईक जे मागतं ते दुकानदार ठेवतो.

मग आधार वाचनालयाचा. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. राज्यात ११ हजारांहून जास्त मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे सरकारचं अनुदान मिळतं. गावपातळीवरचं ग्रंथालय बहुतेक वेळा खालच्या वर्गात. मिळणाऱ्या पैशात ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि उरलं तर पुस्तकं.

या उरलेल्या पैशातून निवड कोण करतं? मोठी माणसं. त्यांच्या डोक्यात पोरांसाठी पुस्तक म्हणजे संस्कार, चरित्र किंवा सामान्य ज्ञान. नववीतल्या पोराला भुताच्या बंगल्याची गोष्ट हवी असते, आणि यादीत येतं ‘थोरांची ओळख’.

बरं, पोरं वाचत नाहीत का?

हा आरोप नेहमीचा. खरं चित्र जरा वेगळं आहे.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीने २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटावर लक्ष दिलं. २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत सुमारे ३५ हजार मुलामुलींची पाहणी झाली. त्यात दोन गोष्टी दिसल्या. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. आणि साधारण २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता.

म्हणजे चारातल्या एकाला वाचायलाच जड जातं. वाचायची सवय कशाने लागते? धड्याखालच्या प्रश्नांनी नाही लागत. ‘पुढे काय झालं’ या ओढीने लागते. फेण्याने तीन पिढ्यांना हीच ओढ लावली. ती ओढ ज्या वयात लागायला हवी, नेमक्या त्याच वयाचं कपाट मराठीत सगळ्यात रिकामं आहे.

उरलेले तीन जण मात्र फोनवर वाचतायत. प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर मराठीत मालिका चालतात, रोज एक भाग येतो, खाली शेकडो कमेंट. तिथली भाषा कच्ची असेल, संपादक नसेल, लग्न-सासू-करोडपती नवरा याच्या पुढे गोष्ट जात नसेल. पण पुढच्या भागाची वाट तिथे बघितली जाते. स्टोरीटेलने २०१७ पासून मराठी ऑडिओबुकं आणली आणि गाडी चालवताना, शेतात काम करताना ऐकणारा वाचक तयार केला.

आणि गोष्टी तर पोरं भरभरून बघतायत. यूट्यूबवर ‘आठवी-अ’ आणि ‘दहावी-अ’ या मालिकांना गावोगावचा प्रेक्षक मिळाला. त्यात ना मोठे स्टार, ना परदेशातली गाणी. फक्त आपल्यासारखीच शाळा, आपल्यासारखाच युनिफॉर्म आणि आपल्यासारखीच भाषा.

यात आपलं नेमकं काय जातंय?

२०१४ साली आलेला ‘फँड्री’ आठवा. त्याची गोष्ट नगरजवळच्या अकोळनेरची. जब्याला वर्गातली शालू आवडते, पण त्याच्या घरच्यांना गावातली डुकरं धरायला लागतात. जात काय असते, हे त्याला पुस्तकातून नाही, वर्गातल्या पोरांच्या हसण्यातून कळतं. दोन वर्षांनी ‘सैराट’ आला, तो कर्जत-जामखेडला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेला. दोन्ही गोष्टी कुमारवयाच्या, याच मातीतल्या. आणि महाराष्ट्राने त्या डोक्यावर घेतल्या.

सिनेमाला जे जमलं, ते या वयाच्या मराठी कादंबरीत फार थोड्या वेळा आलं.

आता मराठी कुमार साहित्यातले गाजलेले नायक मोजा. गोट्या, श्याम, फेणे, बोक्या सातबंडे, लंपन, मुकुंद. एक तर बहुतेक सगळे मुलगे. दुसरं म्हणजे बहुतेक शिकलेल्या, पुस्तकं असलेल्या घरातले.

यात पाथर्डी-शेवगावचा तो पोरगा कुठे आहे, ज्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि जो सहा महिने आजीजवळ नाहीतर वसतिगृहात काढतो? अकोल्याच्या आश्रमशाळेतली आदिवासी मुलगी कुठे आहे, जिला घरची बोली वेगळी आणि शाळेची मराठी वेगळी? दहावीनंतर लग्न ठरेल या भीतीने अभ्यास करणारी पोरगी कुठे आहे? पहाटे चारला उठून भरतीसाठी पळणारा, ‘नीट’च्या दुसऱ्या खेपेला बसणारा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फोटोने शाळा सोडावी लागलेला?

याच जिल्ह्यातल्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांनी १९७८ मध्ये ‘बलुतं’मधून आपलं लहानपण सांगितलं, तेव्हा मराठी साहित्य हादरलं होतं. असं जगणं इथे तेव्हाही होतं, आताही आहे. पण ते आत्मचरित्रात येतं, म्हणजे माणूस चाळिशीला पोहोचल्यावर. पंधराव्या वर्षी जे सोसावं लागतं, ते पंधरा वर्षांच्या वाचकाला त्याच वेळी पुस्तकात भेटत नाही.

पुस्तकात स्वतःसारखं कोणी भेटलं की एक गोष्ट होते. ‘हे फक्त माझ्याच बाबतीत होत नाहीये’ हे कळतं. त्या वयात एवढं कळणंही पुष्कळ असतं. इंग्रजी वायए वाचणाऱ्या पोरीला ते न्यूयॉर्कच्या शाळेतल्या पात्रात भेटतं. ज्याला इंग्रजी जमत नाही, त्याला कुठेच भेटत नाही.

मग आत्ता वाचायचं काय?

चित्र अगदीच निराश करणारं नाही. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, आणि त्याच्या मराठी यादीत कुमारांना आवडतील अशी पुस्तकं आहेत. सुरुवात इथून करा :

- ‘खारीच्या वाटा’, ल. म. कडू (पुरस्कार २०१७) : धरणात गाव जाणं म्हणजे काय, हे एका मुलाच्या नजरेतून. भंडारदरा, मुळा, निळवंडे ही धरणं असलेल्या जिल्ह्यात तर हे पुस्तक घराघरात हवं.
- ‘जंगल खजिन्याचा शोध’, सलीम सरदार मुल्ला (२०१९) : जंगल, साहस आणि शोध. फेणे आवडला असेल तर पुढची उडी इथे मारा.
- ‘जोकर बनला किंगमेकर’, संजय वाघ (२०२१) : नाव वाचूनच हातात घ्यावं वाटेल असं पुस्तक.
- ‘पियूची वही’, संगीता बर्वे (२०२२) : एका मुलीची रोजनिशी. नायिका शोधणाऱ्यांसाठी.
- ‘समशेर आणि भूतबंगला’, भारत सासणे (२०२४) : रहस्य आणि भूतबंगला. मोठ्यांसाठी लिहिणारा, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष राहिलेला लेखक पोरांसाठी रहस्यकथा लिहितो, हेच किती चांगलं आहे.

यातली काही पुस्तकं लहानांकडे जास्त झुकतात. पंधरा-सोळाच्या पुढे असाल तर थेट ‘शाळा’ आणि ‘वनवास’ घ्या. आणि हॅरी पॉटर इंग्रजीत अवघड जात असेल, तर ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून ती मालिका मराठीतही आहे.

नवं पुस्तक आलंय हे कळणार कसं?

एक, प्रकाशकांना फॉलो करा. ज्योत्स्ना, रोहन, साधना, मनोविकास, मेहता, उत्कर्ष यांसारख्या मराठी प्रकाशकांची नवी पुस्तकं त्यांच्या पानांवर दिसतात. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हे शब्द दिसले की थांबा, तेव्हा पुस्तक स्वस्तात मिळतं.

दोन, ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. अर्ध्या शतकाचा खजिना आहे, डेटा पॅकशिवाय दुसरा खर्च नाही.

तीन, डिसेंबरात पुण्याला फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. २०२३ पासून तो सुरू झालाय. नगरहून सकाळी निघून रात्री परत येता येतं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गावातल्या वाचनालयात जाऊन पुस्तकाचं नाव सांगून मागणी करा. ग्रंथालयं वर्षाला खरेदी करतातच, फक्त काय घ्यायचं हे पोरांना कोणी विचारत नाही. चार-पाच जणांनी मिळून लेखी यादी दिली, तर पुढच्या खरेदीत त्यातली एक-दोन नावं यायची शक्यता खरी आहे. शाळांतही १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. भाषणाऐवजी त्या दिवशी पोरांनी मागितलेली दहा पुस्तकं आणली, तर दिवस सार्थकी लागेल.

हिशोब सोपा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात हायस्कुलं शेकड्यांनी आहेत. प्रत्येकाने एका चांगल्या कुमार कादंबरीच्या दोन-दोन प्रती घेतल्या, तरी प्रकाशकाची हजाराची आवृत्ती एकाच जिल्ह्यात बरीचशी संपते. मग दुसरी आवृत्ती निघते, लेखक पुढचा भाग लिहितो, प्रकाशक तारीख जाहीर करायची हिंमत करतो. ‘या आठवड्यात आलेली मराठी टीनएज कादंबरी’ असं सर्च केल्यावर उत्तर यायला तिथून सुरुवात होईल.

तुम्ही शाळेत असताना रात्र जागून संपवलेलं मराठी पुस्तक कोणतं? कमेंटमध्ये नाव सांगा. कोणत्या तरी नववीतल्या पोराला आज तेच हवं असेल.